जवळचं वन बीएचके की लांबचं टू बीएचके? मुंबईत घर ठरवण्याचा योग्य क्रम

मुंबई आणि आसपास घर शोधणारी बहुतेक कुटुंबं एकाच वाटेने जातात. आधी बजेट, मग बजेटमध्ये बसणारं स्टेशन, मग रविवारची साईट व्हिजिट, मग टोकन. शाळा, ऑफिसची गाडी, आईचा डॉक्टर, नळाचं पाणी हे सगळं टोकन दिल्यावर आठवतं. तोवर पैसे अडकलेले असतात आणि मग जे दिसेल ते ‘चालेल’ असं म्हणायची वेळ येते.

खाली दिलेला क्रम जवळपास उलटा आहे. डोळ्यांसमोर धरलंय ते नेहमीचं कुटुंब: दोघं कमावते, एक-दोन मुलं, आई-वडील सोबत किंवा सोबत येण्याच्या बेतात. निवड आहे ती दादर, पार्ले, घाटकोपर, मुलुंड या बाजूचं लहान घर आणि डोंबिवली, बदलापूर, विरार, पनवेलकडचं ऐसपैस घर यांच्यातली.

## तयारी: एजंटला फोन करण्याआधी

हाताशी तीन-चार महिने ठेवा. पंधरा दिवसांत ठरवायचं असेल तर विकत घेऊ नका, भाड्याने घ्या.

आधी गोळा करायच्या गोष्टी थोड्या आहेत. दोघांच्या ऑफिसचा हजेरीचा नियम: आठवड्यातून किती दिवस जावं लागतं आणि तो नियम कंपनीच्या लेखी धोरणात आहे की साहेबांच्या मर्जीवर. ‘आमचं हायब्रिड आहे’ या एका वाक्यावर बदलापूरला घर घेतलेली माणसं आज पाचही दिवस लोकलला लटकतात. म्हणून हिशेब पाच दिवसांचाच करा. घरून काम मिळालं तर तो बोनस.

दुसरं, पुढच्या पाच वर्षांत घरात काय बदलणार आहे ते लिहा. धाकटी बालवाडीत जाणार, थोरला दहावीला बसणार, वडील निवृत्त होणार, दोघांपैकी एकजण नोकरी बदलणार. घर आजच्या कुटुंबासाठी घेतलं जातं आणि त्यात पाच वर्षांनंतरचं कुटुंब राहतं.

एजंटला किंवा पोर्टलवर नंबर अजून देऊ नका. एकदा दिला की दिवसाला दहा फोन येतात आणि तुमच्या डोक्यातला क्रम त्यांच्या क्रमाने चालायला लागतो.

## टप्पा १: प्रत्येकाचा दिवस कागदावर मांडा

एका पानावर घरातल्या प्रत्येकाचा कामाचा दिवस सकाळी उठण्यापासून रात्री झोपेपर्यंत लिहा. मुलांचाही आणि आजीचाही. आजच्या घरात दिवस कसा जातो तो एका रंगात, नव्या ठिकाणी कसा जाईल तो दुसऱ्या रंगात.

यात बघायचं ते सरासरी नाही. सगळ्यात जास्त कोण आवळला जातोय, ते बघा. बहुतेक घरांत ती आई निघते: सकाळचा डबा, मुलाची शाळेची तयारी, स्वतःची गाडी, आणि संध्याकाळी पाळणाघर बंद व्हायच्या आत परत. नवरा स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या ऑफिसात आणि बायको दोन गाड्या बदलून जाणार असेल, तर ‘आपल्याला सोयीचं पडतं’ हे वाक्य अर्धंच खरं आहे.

तपासा: ज्याचा दिवस सगळ्यात आवळलेला आहे त्याने स्वतः हा कागद वाचून होकार दिलाय का? दुसऱ्याने त्याच्या वतीने दिलेला होकार धरू नका.

## टप्पा २: अंतर किलोमीटरमध्ये नाही, दारापासून दारापर्यंत मोजा

जाहिरातीतलं ‘स्टेशनपासून ५ मिनिटं’ हे कोणत्या वाहनाने, किती वाजता आणि कोणत्या महिन्यात, हे कुणीच सांगत नाही. तुम्ही तुकडे पाडून मोजा:

- घराच्या दारापासून गेटपर्यंत. लिफ्टची वाट धरून. तेवीस मजली टॉवरला सकाळी साडेसातला हे पाच-सात मिनिटं खातं.
- शेअर रिक्षाची रांग आणि प्रवास.
- स्टेशनचा पूल आणि फलाट.
- गाडीची वाट. एक गाडी गर्दीमुळे सोडावी लागणार हे धरून.
- प्रत्यक्ष गाडीतला वेळ.
- उतरल्यावर बदलायची गाडी, मेट्रो, बस किंवा रिक्षा.
- ऑफिसच्या गेटपासून जागेपर्यंत.

बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर आहे, डोंबिवली ४८, ठाणे ३४. पण आकड्यांपेक्षा रुळांची रचना महत्त्वाची. मध्य रेल्वेवर कल्याणपर्यंत जलद गाड्यांना स्वतंत्र रूळ आहेत. कल्याणनंतर एक फाटा कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. गाड्या वाटल्या जातात आणि फास्ट गाडीही प्रत्येक स्टेशनला थांबते. म्हणून कल्याणच्या अलीकडचं घर आणि पलीकडचं घर यांच्यात फरक निव्वळ दोन-तीन स्टेशनांचा नसतो. अलीकडे एक गाडी चुकली तर काही मिनिटांत दुसरी मिळते. पलीकडे एक चुकली की लेट मार्क.

बदलापूरच्या वस्तीतून बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) ऑफिसला जायचं धरा. स्टेशन गाठायला पंधरा मिनिटं, वाट बघायला दहा, कुर्ल्यापर्यंत सव्वा तासाच्या आसपास, कुर्ल्याला उतरून रिक्षाची रांग आणि बीकेसीतला ट्रॅफिक मिळून आणखी वीस-पंचवीस. दोन तास झाले. तेच मुलुंडवरून तासाभरात होतं. दिवसाला जाऊन-येऊन दोन तासांचा फरक, महिन्याच्या बावीस दिवसांत ४४ तास. कामाचा एक अख्खा आठवडा.

‘शहराजवळ’ म्हणजे मात्र आपोआप दादर असं धरू नका. ऑफिस ऐरोली, रबाळे किंवा घणसोलीला असेल तर तुमची गाडी ट्रान्स हार्बरची, ठाण्याहून सुटणारी. अशा माणसाला दादरपेक्षा ठाणं, कळवा किंवा थेट कोपरखैरणे जवळचं. दोघांची ऑफिसं दोन दिशांना असतील तर नकाशावरचा मधला बिंदू काढून उपयोग नाही. दोघांच्या मार्गिका जिथे एकत्र येतात ते स्टेशन बघा. ठाणे, दादर, कुर्ला, घाटकोपर, अंधेरी ही अशी ठिकाणं. घाटकोपरला मेट्रो १ मुळे अंधेरीला जाण्यासाठी दादरला वळसा घालावा लागत नाही, हे अजूनही अनेकजण हिशेबात धरत नाहीत.

सावधान: येऊ घातलेली मेट्रो हिशेबात धरू नका. आरे ते कफ परेड ही भूमिगत मेट्रो ३ सुद्धा ऑक्टोबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ अशी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि तिची वाट बघण्यात लोकांची वर्षं गेली. प्रवासी घेऊन धावते तीच मेट्रो. खांब उभे असले म्हणजे गाडी आली असं होत नाही.

## टप्पा ३: सोमवारी सकाळी जाऊन बघा, रविवारी नव्हे

साईट व्हिजिट रविवारी ठेवतात त्याला कारण आहे. रस्ते मोकळे, रिक्षा रिकाम्या, आणि स्टेशनवरून न्यायला बिल्डरची गाडी हजर. त्या गाडीत बसून मिळालेला ‘सात मिनिटांचा’ अनुभव आठवड्यातल्या इतर सहा दिवसांना लागू होत नाही.

तुमची चाचणी अशी करा. आदल्या रात्री त्या भागात नातेवाईक, मित्र किंवा लॉजवर मुक्काम करा. सकाळी ज्या वेळेला रोज निघावं लागेल त्याच वेळेला निघा, शेअर रिक्षानेच स्टेशनला जा, ऑफिसपर्यंत पोहोचा. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर त्याच वाटेने परत. नवरा-बायको दोघांनीही वेगवेगळं करा, कारण लेडीज डब्याची गर्दी आणि जेन्ट्स डब्याची गर्दी ही दोन स्वतंत्र प्रकरणं आहेत.

जाताना वेळेइतकंच आणखी एक बघा: गाडी कुठून सुटते. बदलापूर, अंबरनाथ, डोंबिवली, ठाणे, विरार, पनवेल इथून सुटणाऱ्या लोकल असतात. सुटणाऱ्या गाडीत बसायला मिळून सत्तर मिनिटं जाणं आणि मधल्या स्टेशनवर चढून पंचेचाळीस मिनिटं दारात लोंबकळणं, यात शरीराला पहिलं परवडतं. म्हणून वेळापत्रकातून तुमच्या वेळेला त्या स्टेशनवरून *सुटणाऱ्या* गाड्या किती, हे वेगळं काढा. लोक जागेसाठी उलट्या दिशेने डाऊनला जाऊन बसून परत येतात; तुमच्या निवडलेल्या स्टेशनवरून सुटणारी गाडी तिथे येतानाच अशी भरून येत असेल, तर तो फायदा कागदावरच राहतो. फलाटावर उभं राहून गाडी आत येताना खिडक्यांकडे बघा. डोकी दिसली की समजून जा.

पश्चिमेला एक जादा नियम आहे, कुठे लिहिलेला नाही पण सगळ्यांना पाठ. विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरणाऱ्याने चढू नये. मीरा रोड-भाईंदरचं घर बघताना ‘विरारच्या सगळ्या गाड्या मिळतील’ असं धरू नका. थांबतात बहुतेक, चढता-उतरता येतं का, ते संध्याकाळी बघा.

तपासा: परतीच्या प्रवासानंतर घरी (किंवा मुक्कामी) पोहोचल्यावर पोराचा अभ्यास घेण्याइतकी ताकद उरली का? खरं उत्तर लिहा. माझ्या मते एका बाजूचा प्रवास दीड तासाच्या वर जात असेल आणि दोघंही तो करणार असतील, तर ते ठिकाण यादीतून काढावं, घर कितीही छान असो.

मध्य आणि हार्बरवर रविवारी मेगाब्लॉक असतो, हेही विसरू नका. लग्नकार्य, आजारी नातेवाईक, मुलाच्या परीक्षा रविवारीच येतात.

## टप्पा ४: शाळेतून फोन आला तर?

सगळ्या टप्प्यांत हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि सर्वांत जास्त वगळला जातो तोही हाच.

प्रश्न साधा आहे. मंगळवारी दुपारी बारा वाजता शाळेतून फोन येतो: मुलाला ताप आहे, घेऊन जा. अर्ध्या तासात कोण पोहोचेल? नाव लिहा. आजी असतील तर आजीला शाळेपर्यंत एकटं रिक्षाने जाता येतं का? शेजारी म्हणत असाल तर ते शेजारी अजून तुम्हाला मिळालेले नाहीत. दोघंही मुंबईत आणि मूल पन्नास किलोमीटरवर, असं चित्र असेल तर त्या जागी एक भरवशाचा मोठा माणूस *आधी* हवा, घर नंतर. जुलैमधल्या पावसात गाड्या बंद पडल्या की हा प्रश्न अर्ध्या तासाचा न राहता रात्रीपर्यंतचा होतो.

मग मुलाचं वय बघा, कारण लांब-जवळचं गणित वयानुसार उलटतं.

सहा वर्षांच्या आतल्या मुलाला गरज आई-बाबांची आणि पाळणाघराची. शाळा कुठली याने फार फरक पडत नाही. या वयात वेळ वाचवणारं लहान घर मोठ्या घरापेक्षा कामाचं. पाळणाघर किती वाजता बंद होतं ते विचारा आणि त्यातून पाऊण तास वजा करा. तुमच्या गाडीला उशीर होणारच.

सात ते तेरा या वयात लांबच्या ठिकाणाची बाजू वर येते. खेळायला आवार, सोसायटीतली मुलं, सायकल. डोंबिवली, बदलापूर, वसईत मराठी आणि सेमी-इंग्रजीच्या चांगल्या शाळा आहेत आणि मूल चालत शाळेत जाऊ शकतं. दादरला राहून मुलाला तासभर स्कूल बसमध्ये बसवण्यापेक्षा हे बरं.

चौदाच्या पुढे पुन्हा उलटं. अकरावीला माटुंगा, पार्ले, चर्चगेटची कॉलेजं हवीत असं ठरलं की आता लोकलला लटकणारा तिसरा माणूस तुमचा मुलगा किंवा मुलगी असते. दोन वर्षांनी दहावी असलेल्या मुलाला घेऊन लांब जाऊ नका. जायचंच असेल तर आठवीच्या आधी, नाहीतर दहावीनंतर.

आई-वडिलांचं वेगळं. साठ-पासष्ट वर्षं दादर किंवा गिरगावात राहिलेल्या माणसाला बदलापूरची हवा आवडते, पहिले तीन महिने. मग कट्टा, देवळातलं कीर्तन, ओळखीचा डॉक्टर, रोजचा भाजीवाला यांची आठवण सुरू होते. त्यांचे सध्या कुठे उपचार चालू असतील, केईएम किंवा टाटात तपासण्या असतील, तर महिन्यातून किती खेपा पडतात आणि सोबत कोण जाणार, हे पहिल्या टप्प्यातल्या कागदावर चढवा.

सावधान: शाळेची जागा पक्की होण्याआधी घराचं टोकन देऊ नका. खासगी शाळांचे बालवाडीचे फॉर्म साधारण दिवाळीच्या आगेमागे निघतात; मार्चमध्ये जाग आली तर उरलेल्या जागांमधून निवडावं लागतं. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायदा) २५ टक्के जागांसाठी अर्ज करणार असाल तर घरापासून शाळेचं अंतर मोजलं जातं आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो, म्हणजे भाडेकरार नोंदवलेला हवा.

## टप्पा ५: आता पैसे

आता, आधी नाही. आधी केलं की स्वस्त घरच जिंकतं आणि बाकीचे टप्पे त्याला पाठिंबा देण्यापुरते उरतात.

उदाहरणापुरते आकडे घेऊ: लांबचं टू बीएचके ४५ लाख, मुलुंडकडचं वन बीएचके १ कोटी १० लाख, दोन्ही ताबा मिळालेली. व्याज ८.५ टक्के, मुदत २० वर्षं. लाखाला महिन्याचा हप्ता सुमारे ८६८ रुपये पडतो.

पहिल्या घरावर बँक ८० टक्के, म्हणजे ३६ लाख देऊ शकते. हप्ता सुमारे ३१,२५०. दुसऱ्यावर कर्ज ७५ लाखांच्या वर जात असल्याने मर्यादा ७५ टक्के, म्हणजे साडेब्याऐंशी लाख. हप्ता सुमारे ७१,६००.

फरक चाळीस हजारांचा. आता लांबच्या घराचे लपलेले खर्च त्यात मिळवा: दोघांची दोन्ही बाजूंची रिक्षा, स्कूल व्हॅन, पाळणाघराचे जादा तास, टँकरमुळे वाढलेला मेन्टेनन्स, उशीर झाला की बाहेरचं जेवण, फर्स्ट क्लास किंवा एसीचा पास. दहा-पंधरा हजार होतील. चाळीस होत नाहीत. ‘प्रवासखर्च धरला तर दोन्ही सारखंच’ असं सांगणाऱ्यांनी हिशेब केलेला नसतो. मुंबईत पैशाच्या तराजूत लांबचं घर जिंकतं. प्रश्न त्या फरकासाठी तुम्ही महिन्याला किती तास विकताय, हा आहे. टप्पा २ मधले ४४ तास इथे आणा, दोघं जात असाल तर ८८, आणि समोर हे पंचवीस-तीस हजार ठेवा. उत्तर घराघरात वेगळं येईल आणि ते येऊ द्या.

बहुतेकजण जिथे आपटतात ती जागा हप्त्याची नसून हातातल्या रकमेची. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी बँक सहसा कर्जात धरत नाही. १ कोटी १० लाखांच्या घरासाठी स्वतःचे साडेसत्तावीस लाख, मुंबईत ६ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ६ लाख ६० हजार, नोंदणी ३० हजार. चौतीस लाख चाळीस हजार झाले, एजंट आणि सामान हलवणं वेगळं. ४५ लाखांच्या घराला मुद्रांक शुल्क ७ टक्के धरलं तरी साडेबारा लाखांच्या आत भागतं. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. मुंबई महापालिका हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला मालमत्ता कर माफ आहे, हेही लहान घराच्या बाजूने लिहा.

चालू बांधकामातलं घर असेल तर जीएसटी वाढतो: ४५ लाखांपर्यंतचं आणि ६० चौरस मीटर कार्पेटच्या आतलं असेल तर १ टक्का, नाहीतर ५. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेल्या घराला जीएसटी नाही. ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात विकणाऱ्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आधीच कापायचा आयकर) कापून भरायचा असतो आणि ती जबाबदारी घेणाऱ्याची असते.

आणि तिसरी वाट: मुलुंडकडच्या त्याच वन बीएचकेचं भाडं महिना तीस-बत्तीस हजार असेल, तर ते लांबच्या घराच्या हप्त्याइतकंच झालं. मूल लहान असताना जवळ भाड्याने राहणं याला आपल्याकडे ‘भाडं फुकट जातं’ म्हणून नाक मुरडतात. मी तसं म्हणणार नाही. त्या भाड्यात तास विकत मिळतात.

## टप्पा ६: वस्ती तपासणं

घराच्या आत बघायला एजंट आहेच. तुम्ही खाली उतरा.

पाणी. कमिटीतल्या माणसाला ‘पाणी आहे का’ असं विचारलं तर ‘चोवीस तास’ हेच उत्तर येतं, कारण टाकीत चोवीस तास असतंच. विचारायचं ते टाकीत कुठून येतं. गेटच्या आतल्या बाजूला टँकरचा पाईप जोडायचं तोंड दिसतंय का, फरशीवर जड चाकांचे ओले पट्टे आहेत का बघा. मागच्या मे महिन्याचं मेन्टेनन्सचं बिल आणि जानेवारीचं बिल शेजारी ठेवून वाचा. टँकर तिथे सापडतो. घोडबंदर रोडच्या चकाचक टॉवरांनाही हे लागू आहे.

पूर. उल्हास नदीकाठी जुलै २०१९ मध्ये पाणी इतकं चढलं की वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली. बदलापूरला घर बघत असाल तर जुन्या वॉचमनला किंवा कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला नेमकं विचारा: ‘२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?’ तो हाताने भिंतीवर दाखवतो. स्टिल्टमधले (इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमधले) वीजमीटर कमरेच्या वर बसवलेले असतील तर त्यामागे अनुभव असतो. शिवाय निळी आणि लाल पूररेषा नगरपालिकेत बघायला मागा; निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. दादर-परळकडे बघत असाल तर हिंदमाता परिसराबद्दल हाच प्रश्न.

वीज. दक्षिण मुंबईत बेस्ट, उपनगरांत बहुतेक अदानी आणि टाटा. मुलुंड-भांडुप आणि त्यापलीकडे महावितरण. पावसाळ्यात वीज किती तास जाते आणि लिफ्टला जनरेटर आहे का, हे आई-वडिलांच्या गुडघ्यांसाठी विचारा.

कारखाने. डोंबिवलीत एमआयडीसीच्या बाजूला घर असेल तर गॅलरीतून काय दिसतं ते बघा. मे २०१६ आणि मे २०२४ मधल्या रासायनिक कारखान्यांच्या स्फोटांनी आसपासच्या घरांच्या काचा फोडल्या होत्या. रात्री दहानंतर एक चक्कर मारा; वास तेव्हा कळतो.

जवळच्या जुन्या इमारतींची दुखणी वेगळी. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का आणि अहवाल काय म्हणतो, पुनर्विकासाची बोलणी कुठपर्यंत आली आहेत, जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी, सोसायटीच्या नावे झालंय का. भाडेकरू म्हणून जात असाल आणि सोसायटीने बिल्डर नेमलेला असेल, तर शाळेच्या वर्षाच्या मध्यात घर सोडायची तयारी ठेवा. पागडीची खोली ‘स्वस्तात मालकी’ म्हणून कुणी विकत असेल तर तिथूनच मागे फिरा. तिथे विकत मिळते ती भाडेकरूची जागा, मालकी नाही.

## टप्पा ७: एक पावसाळा भाड्याने

लांब जायचं जवळजवळ ठरलं असेल तर त्याच भागात अकरा महिने भाड्याने राहा. करार असा करा की जून ते सप्टेंबर त्यात पूर्ण येतील. स्वतःचं सध्याचं घर असेल तर तेही तेवढे महिने भाड्याने द्या, विकू नका.

लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे आणि ऑनलाइन होतं. नोंदवायची जबाबदारी घरमालकावर असते. लॉक-इन (ज्याआधी घर सोडता येत नाही ती मुदत) किती महिन्यांचा, डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगाचे पैसे कोण देणार, हे तिन्ही करारात लिहून घ्या. तोंडी ठरलेला रंग हमखास भांडणाला निमित्त होतो.

या काळात घराबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची रोज एक ओळ लिहून ठेवा: घरातून किती वाजता निघालो, किती वाजता परत. आठवणीवर विसंबू नका. वाईट दिवस विसरले जातात किंवा तेवढेच लक्षात राहतात.

## टप्पा ८: कागद, आणि रेराच्या नंबराचा भ्रम

‘रेरा रजिस्टर्ड आहे’ (रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाचा कायदा, महारेरा हे त्याचं राज्यातलं प्राधिकरण) एवढ्यावर थांबणं ही आजची सगळ्यात महाग चूक. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराचे नंबर मिळवले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्यावर कारवाईचा आदेश दिला. त्यात राहणाऱ्यांकडे रेराचा नंबरही होता आणि बँकेचं कर्जही.

म्हणून क्रम असा:

1. महारेराच्या संकेतस्थळावरून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र उतरवून घ्या. त्याचा जावक क्रमांक आणि तारीख घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि ते खरंच त्यांनी दिलंय का, याची खात्री करा. लागल्यास माहितीच्या अधिकारात विचारा.
2. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक स्वतः ऑनलाइन काढा. बिल्डरने दिलेली झेरॉक्स नको.
3. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र. ‘ओसी येतेय’ म्हणजे ओसी नाही.
4. करारातलं क्षेत्रफळ रेराच्या व्याख्येप्रमाणे कार्पेट आहे का ते बघा. बाल्कनी त्यात धरत नाहीत.
5. स्वतःचा वकील. बिल्डरने सुचवलेला नव्हे, बँकेचाही नव्हे.
6. बिल्डरकडून घेत असाल तर नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम द्यायची नाही. कायदाच तसा आहे. तो जास्त मागत असेल तर तेवढ्यावरूनच त्याची परीक्षा होते.

## टप्पा ९: सामान हलवण्याचा क्रम

एप्रिलच्या शेवटी परीक्षा संपल्या की हला. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. मधल्या दिवसांत मुलाला शाळेचा रस्ता दाखवून होतो आणि पावसाआधी गच्चीची, खिडक्यांची गळती कळते. जुन्या शाळेतून दाखला काढायचा तो नव्या शाळेचा प्रवेश लेखी हातात आल्यावर, त्याआधी नाही.

सोसायटीला सामान आणण्याचा दिवस आधी कळवा, काही ठिकाणी लिफ्ट दुपारीच देतात. गॅस, इंटरनेट, आधारचा पत्ता या क्रमाने बदला. मतदार यादीत पत्ता बदलायला फॉर्म ८. रेल्वेचा पास पहिल्या महिन्यात महिन्याचाच काढा. तिमाही पास स्वस्त पडतो खरा, पण फर्स्ट, सेकंड की एसी आणि कुठल्या स्टेशनपर्यंतचा, हे पहिल्या चार आठवड्यांनंतरच नक्की होतं.

भाड्याने गेला असाल तर करार संपायच्या तीन महिने आधी टप्पा १ चा कागद आणि रोजच्या ओळी शेजारी ठेवून पुन्हा वाचा, दोघांनी आणि मोठं असेल तर मुलानेही. तिथेच घर घ्यायचं ठरलं तर त्याच वेळी बँकेकडे कर्जाच्या मंजुरीसाठी अर्ज करा; मंजुरी, कागदांची छाननी आणि नोंदणी मिळून दोन महिने सहज जातात.